पडणाऱ्या एमसीबीची बाजू

स्वयंपाकघरात इंडक्शन आणि ओव्हन चालू असताना कुणी गिझर लावला की थोड्या वेळाने एमसीबी पडतो. वायरमन म्हणतो, ‘सोळाचा काढून बत्तीसचा बसवू, कटकट मिटेल.’ बसवावा का, असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. उत्तर सरळ आहे: बसवू नका. मात्र असे का, हे समजून घेण्यात मोठी गंमत आहे.

आधी हिशेब करू. इंडक्शन २००० वॅट, गिझर २००० आणि ओव्हन १२००, म्हणजे एकूण ५२०० वॅट. याला २३० व्होल्टने भागले की साडेबावीस अँपिअर होतात. एमसीबी सोळाचा आहे, मग तो लगेच का पडत नाही? कारण तसे ठरवूनच तो बनवलेला असतो. प्रमाणित एमसीबी क्षमतेच्या १.१३ पट प्रवाह तासभर सहन करतो, १.४५ पट झाला तर मात्र तासाच्या आत त्याला पडावेच लागते. आपला प्रवाह १.४ पट आहे. म्हणून भाजी निम्मी शिजेपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि मग अंधार होतो.

हा धीर त्याच्याकडे येतो एका पट्टीमुळे, आणि तिची कहाणी विजेच्या कितीतरी आधीची आहे. अठराव्या शतकात भर समुद्रात जहाजाचे रेखांश काढायला अचूक घड्याळ हवे होते. १७१४ साली ब्रिटिश संसदेने त्यासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे इनाम जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने, जो स्वतःही सुतारच होता, ते आव्हान घेतले. अडचण उष्णतेची होती. उकाड्यात घड्याळाची स्प्रिंग ढिली पडते आणि घड्याळ मागे पडते. ‘एच-३’ या आपल्या तिसऱ्या घड्याळात हॅरिसनने पितळ आणि पोलाद यांच्या पातळ पट्ट्या रिव्हेटने एकमेकींना जखडून टाकल्या. तापल्यावर पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा: पाय बांधलेल्या जोडीतला एक जण जास्त वेगाने पळाला तर जोडी सावकाश पळणाऱ्याच्या बाजूला वळते. तशीच ही जोडपट्टी पोलादाच्या बाजूला वाकते. जितकी उष्णता जास्त, तितका बाक जास्त. त्या बाकाने स्प्रिंगचा फरक भरून निघायचा.

या घड्याळावर हॅरिसन १९ वर्षे राबला आणि अखेर नाव झाले ते त्याच्या पुढच्या, खिशातल्या घड्याळासारख्या ‘एच-४’चे. बिचारे एच-३ सफरीवर गेलेच नाही. पण त्यातली पट्टी आज इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये आहे आणि तुमच्या दारामागच्या एमसीबीतही आहे. जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झच्या कंपनीला १९२४ मध्ये आजच्या एमसीबीच्या पूर्वजाचे पेटंट मिळाले. त्यात ओव्हरलोडसाठी वाकणारी पट्टी आणि शॉर्टसर्किटसाठी क्षणात खटका ओढणारा विद्युतचुंबक एकाच डबीत बसवला होता. एमसीबीचे श्रेय द्यायचे तर निम्मे त्या सुताराला द्यावे, असे मला मनापासून वाटते.

आता वायरमनच्या सल्ल्याकडे येऊ. एमसीबीवरचा आकडा भिंतीतल्या वायरच्या क्षमतेवरून ठरवतात. घरातली अडीच एमएमची तांब्याची वायर बसवण्याच्या पद्धतीनुसार साधारण २० ते २५ अँपिअर सोसते. जूलने १८४० च्या सुमारास दाखवून दिले की प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. बत्तीसच्या एमसीबीच्या लेखी साडेबावीस अँपिअर म्हणजे काहीच नाही. उद्या त्याच लाइनवर किटली आणि इस्त्री वाढली तरी तो गप्प राहील, आणि भिंतीच्या आत वायरवरचे पीव्हीसी हळूहळू कडक होऊन तडकत जाईल. ते ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. मग एके दिवशी बातमी येते, ‘शॉर्टसर्किटमुळे आग’. शॉर्टसर्किट हा त्या गोष्टीचा शेवटचा अंक असतो. आधीचे ओव्हरलोडचे महिने बातमीत येत नाहीत.

एमसीबी सर्वज्ञही नाही. सोळाची जाड पिन सहाच्या सॉकेटात बसू नये म्हणून मुद्दाम मोठी केलेली असते. आपण कन्व्हर्टर लावून ती सोय मोडतो. मग बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डातून बारा अँपिअर वाहिले, तरी सोळाच्या एमसीबीला सारे आलबेलच दिसते. सैल स्क्रूपाशी तापणारा जोडही त्याला कळत नाही. मोबाइलवर लोड दाखवणाऱ्या ‘स्मार्ट’ प्लगची सध्या बरीच जाहिरात चालते, पण आकडा दाखवल्याने वायर जाड होत नाही.

तेव्हा गिझरला चार एमएमची स्वतंत्र लाइन आणि तिचा स्वतंत्र एमसीबी घ्या. ते होईपर्यंत आंघोळ आणि स्वयंपाक यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. प्लग किंवा स्विच हाताला गरम लागला तर तो वापरणे थांबवा. आणि कुणी मोठा एमसीबी सुचवला तर त्याला आधी एकच प्रश्न विचारा: आत वायर किती एमएमची आहे? उत्तर मिळेपर्यंत सोळाचाच राहू द्या.