धुरावर चढलेले व्याज

पीककर्ज मुदतीत फेडले की व्याजात तीन टक्के सवलत, मुदत चुकली की ती गेली. हा हिशेब आपल्याकडे घरोघर तोंडपाठ आहे. इटलीतल्या एनेल या बड्या वीज कंपनीलाही 2024 साली असेच जादा व्याज लागले. तिचा हप्ता मात्र चुकला नव्हता. तिचा धूर जास्त झाला होता.

झाले असे. 2019 साली एनेलने कर्जरोखे विकून दीडशे कोटी डॉलर उभे केले. व्याज 2.65 टक्के. सोबत अट लिहून दिली की, 2021 अखेर आपल्या वीजकेंद्रांच्या एकूण ताकदीत वारा, ऊन, पाणी अशा स्वच्छ विजेचा वाटा निदान 55 टक्के नसेल, तर व्याज पाव टक्का वाढवू. ती अट पाळली गेली. पुढच्या काही रोख्यांवर दुसरी अट होती: 2023 मध्ये दर युनिट विजेमागे कर्बवायू 148 ग्रॅमच्या वर जाऊ नये. तो भरला 160. युक्रेनच्या युद्धाने गॅसची टंचाई झाली, सरकारनेच कोळशाची केंद्रे चालवायला लावली, ही कंपनीची सबब खरी होती. पण कागद तो कागद! पाव टक्का चढला.

कोटीमागे वर्षाला पंचवीस हजार. एवढ्याने अशी कंपनी वठणीवर येईल, असे आम्हाला वाटत नाही.

मग सावकार मंडळी धूर आणि रान का पाहू लागली? त्यांना झाडांचा कळवळा आला असे नव्हे. भीती आहे ती मुद्दल बुडण्याची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातली पीजी अँड ई ही वीज कंपनी घ्या. 2018 चा नोव्हेंबर आला तरी तिकडे पाऊस नव्हता, रान वाळून कोळ झालेले. 8 तारखेला विजेच्या मनोऱ्यावरचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला, तार सुटली, ठिणगी पडली. पॅरडाइज हे गाव जळाले. 85 माणसे गेली.

पत ठरवणाऱ्या संस्थांनी तोवर कंपनीला भरवशाच्या कर्जदारांत धरले होते. जानेवारी 2019 मध्ये त्यांनी तिला त्या यादीतून खाली काढले. पत उतरली की नवे कर्ज महाग होते, कधी मिळतच नाही. 29 जानेवारीला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तो आकडा जवळजवळ शंभर वर्षांचा होता. त्या मनोऱ्यावर चढून 2001 पासून कोणी तपासणी केल्याची नोंद चौकशीत सापडली नाही.