हाडाला रक्ताची तहान

नंदुरबार जिल्ह्यातील ब्राह्मणपुरीसारख्या शेतकरी गावात खांदा दुखला, तर ते दुखणे सहसा कष्टाच्या खाती जमा होते. पण या जिल्ह्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मग दंडाच्या हाडाचा खांद्यातला गोल माथा रक्तावाचून आतल्या आत मरू लागतो. खांद्यावर देहाचा भार नसतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही; एमआरआय मात्र ही चोरी पकडते. माथ्याची गोलाई शाबूत असेल, तर शस्त्रवैद्य लहानशा छेदातून हाडात बारीक भोक पाडतात. आतला दाब उतरतो, नव्या रक्ताला वाट मिळते. गुण हमखास येतोच असे नाही. पण माथा पार खचला, तर कृत्रिम सांध्याचीच पाळी येऊ शकते. अशा रोग्याला भूल देताना पाणी, प्राणवायू आणि ऊब यांची विशेष काळजी घ्यावी लागते.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली. वाचकहो, तपासणीत ज्याला हा आजार निघाला, त्याने दुखरा खांदा नुसता चोळत-शेकत बसू नये. हाड कुणासाठी थांबत नाही!