लांब शब्दांचा संधिविग्रह

आमचा विषय तत्त्वज्ञान, डॉक्टरकी नव्हे. इथल्या तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं समोर बसली आहेत, त्यांनी सांभाळून घ्यावं.

मागे एका रात्री आमच्या दादांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. मधुमेह जुना. जुन्या कागदावर इशारा लिहिलेला होता : हायपोग्लायसेमिया. ‘ग्लाय’ म्हणजे साखर, एवढं आम्हाला ठाऊक. म्हणून आम्ही साखरेचा डबाच दूर ठेवला! शेजारच्या नर्सबाई आल्या, कागद पाहिला. दादा शुद्धीवर होते. त्यांनी लगेच साखरपाणी पाजलं. पीएच.डी. असून आम्ही शब्दाचं पहिलं पद वाचलंच नव्हतं.

आता तो शब्द फोडू. म्हणताना तुकडे पडतात असे : हाय-पो-ग्लाय-से-मि-या. अर्थाचे तुकडे वेगळे. हायपो म्हणजे खाली, कमी. ग्लिकिस म्हणजे गोड. हायमा म्हणजे रक्त. शेवटचा ‘इया’ अवस्था दाखवतो. रक्तातली साखर कमी होणं. मग ‘से’ कुणाचा? त्यातला स साखरेचा (ग्रीकमध्ये तो क होता) आणि ए रक्ताचा. शाळेत आपण हेच केलंय. सूर्योदय म्हणताना ‘यो’ एकच अक्षर. पण त्यात सूर्याचा शेवट आहे आणि उदयाची सुरुवातही. म्हणून उच्चारासाठी अक्षरं पाडावीत, अर्थासाठी संधी सोडवावा.

वाचायला शेवटून सुरुवात करा. ‘आयटिस’ म्हणजे दाह. हेपॅटायटिस, यकृताचा दाह. ‘एमिया’ आला की रक्ताची गोष्ट. १८४७ साली रुडॉल्फ फिरशो यांनी ल्युकेमिया हे नाव दिलं, त्यातला ल्यूकोस म्हणजे पांढरा. मग मात्र पहिलं पद तपासाच. हायपो आणि हायपर कानाला जवळचे, उपचार उलटे. हायपर हा संस्कृत ‘उपरि’चा भाऊबंद, म्हणजे वर, हायपो ‘उप’चा. एवढं लक्षात ठेवलं की घोटाळा टळतो.

एक सावधगिरी. ॲनिमियात अन् आणि हायमा आहेत. ‘अनादर’ मधला अन् त्याच कुळातला. शब्दशः अर्थ रक्तहीन. पण रोग्याच्या अंगात रक्त असतंच, कमी असतं ते हिमोग्लोबिन. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. शब्द फोडून रोग बरा होत नाही. पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते कळतं. त्या रात्री आम्हाला तेवढंही कळलं नव्हतं.