खड्डा घेण्याआधी

जून लागतो, पहिल्या दोन सरी पडतात आणि रोपवाटिकांसमोर गाड्यांची रांग लागते. कुणी केशर आंब्याचे कलम नेतो, कुणी नारळ, कुणी चाफा. घरी आल्यावर कुदळीचे चार घाव, हातभर खड्डा, त्यात रोप, वर माती आणि बादलीभर पाणी. काम झाले असे वाटते. दिवाळीपर्यंत रोप हिरवे दिसते, होळीच्या सुमारास त्याची काडी उरते, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरे रोप जाते. सरकारी मोहिमांचा हिशेबही लावलेल्या रोपांचाच असतो. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे उद्दिष्ट ठरले होते. यातला प्रत्येक आकडा खड्ड्यात घालायच्या रोपांचा आहे. तीन वर्षांनी उभ्या असलेल्या झाडांची मोजणी ही निराळी गोष्ट, आणि खरी मोजणी तीच. अंगणातही आपण हीच गल्लत करतो. माझे म्हणणे असे की घराभोवतीच्या जागेत झाड शेवटी यावे. आधी पाणी, मग माती, मग झाड. आणि ही कामे शक्य तितकी हाताने, कुदळ-फावड्याने करावीत.

पाण्यापासून सुरुवात का, हे साध्या गणिताने कळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. पुण्याच्या आसपास किंवा मराठवाड्यात पावसाळ्यात सातशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस धरला, तर एका गुंठ्यावर सत्तर हजार लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर. आता रोपाची गरज पाहू. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत अठरा आठवडे धरले आणि आठवड्यातून दोनदा पंधरा लिटरची बादली दिली, तर एका रोपाला ५४० लिटर पाणी लागते. दहा रोपांना सुमारे साडेपाच हजार. आभाळातून आलेल्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी. तरी मार्चमध्ये अंगण कोरडे पडते, कारण पाऊस सरसर येतो, घट्ट झालेल्या जमिनीवरून घसरतो आणि फाटकाखालून रस्त्यावर जातो. म्हणून पहिले काम उतार ओळखण्याचे. गवंडी पाया आखताना पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्यावी. एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला येईल तिथे खुणा ठोकत जायचे. त्या खुणांवरून वीतभर खोल चर खणायचा आणि निघालेली माती उताराच्या बाजूला बांधासारखी रचायची. चार-पाच मीटर अंतरावर असे दोन-तीन चर झाले की पाणी थांबते आणि मुरते. घराच्या पायाजवळ मात्र चर नको. तिथले पाणी भिंतीपासून दूरच वाहिले पाहिजे.

कोकणात ही समज जुनी आहे. न्हाणीघराचे पाणी पाटाने केळीला आणि अळवाला जाते, पुढे माडाच्या आळ्यात उतरते. घरात वापरलेले पाणी परसदारी पुन्हा कामाला येते. देशावरच्या नव्या घरांमध्ये हेच पाणी पाइपने गटारात जाते आणि बागेसाठी बोअर मारली जाते. साबणाचे पाणी चालेल का, असा प्रश्न येतो. केळी, अळू, कर्दळ यांना ते बहुधा चालते. पालेभाजीला आणि कोवळ्या रोपांना देऊ नये.

आता माती. नव्या बंगल्याभोवती जिला आपण माती म्हणतो ती बऱ्याचदा मातीच नसते. पाया खणताना वरचा काळा थर मुरमाखाली गाडला गेलेला असतो आणि त्यावर विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, फरशीच्या कपच्या असा राडारोडा पसरलेला असतो. सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू वाढतो, मुळांना लोह मिळेनासे होते आणि लिंबाची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. माणूस खत घालत राहतो, रोग वेगळाच असतो. अशा जागेवर जेसीबी बोलावून दोन तासांत सपाटी करून घेण्याचा मोह होतो. पण यंत्र उरलासुरला सुपीक थर खाली ढकलते आणि त्याच्या वजनाने ओली काळी जमीन दाबली जाऊन घट्ट होते. तिच्यातल्या हवेच्या वाटा बंद होतात. वितीचा सुपीक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि मोडायला एक दुपार पुरते. फावड्याने काम करणाऱ्याला वरचा थर आणि खालचा मुरूम हाताला वेगळे लागतात. तो वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला काढतो आणि राडारोडा घमेल्यात वेगळा भरतो. एवढ्या जागेत यंत्रापेक्षा हात शहाणा ठरतो तो या निवडीमुळे.

जमीन कशी आहे हे पाहायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी अर्ध्या-पाऊण तासात गेले तर खाली मुरूम आहे. अशा खड्ड्यात तळ्यातला गाळ किंवा काळी माती, शेणखत आणि पालापाचोळा भरपूर मिसळावा लागतो. पाणी दिवसभर तसेच राहिले तर जमीन भारी आहे. तिथे खोल खड्ड्यात लावलेले रोप पावसाळ्यात मुळे गुदमरून मरते. ते उंचवट्यावर लावावे. एकाच गल्लीतल्या दोन घरांत या परीक्षेची उत्तरे वेगळी येतात, म्हणून शेजाऱ्याचे पाहून लावलेले झाड जगेलच असे नाही.

मातीत जीव भरायला विकतच्या पोत्यांची गरज कमी आणि घरच्या कचऱ्याची अधिक. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, ज्यांना शेतकरी नाडेपकाका म्हणत, त्यांनी विटांच्या भिंतीत भोके ठेवून हवा खेळवणारे खताचे हौद उभे केले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. थोडे शेण, पुष्कळ काडीकचरा आणि माती यांचे थर दिले की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. घरच्या कोपऱ्यात याचे लहान रूप सहज बसते. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकते असे मांडले, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता: जागेवर उगवलेला पाला जागेवरच मातीत परत गेला पाहिजे. एक सावधगिरी मात्र पाळावी. ताजे शेण खड्ड्यात घालू नये. त्याने हुमणी आणि वाळवी येते, आणि हुमणी कोवळ्या रोपाची मुळे कुरतडून टाकते. शेणखत पूर्ण कुजलेले हवे. ते हातात घेतल्यावर शेणाचा वास येऊ नये, पावसाने भिजलेल्या मातीचा यावा.

एवढे झाल्यावर रोप. खड्डा एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्यावा आणि पहिल्या पावसानंतर भरावा. पिशवी फाडल्यावर मुळांकडे नीट पाहावे. रोप पिशवीत फार दिवस राहिले असेल तर मुळे तळाशी चुंबळीसारखी गोल फिरलेली दिसतात. ती तशीच लावली तर झाड वर वाढते पण जमिनीत पाय रोवत नाही, आणि काही वर्षांनी वादळात उन्मळते. मातीचा गोळा न फोडता गोल फिरलेली मुळे धारदार चाकूने उभी कापून मोकळी करावीत. कलम असेल तर जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटणारे कोंब खुडत राहावेत. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याने मुळे वरच राहतात. चार दिवसांनी एकदा आळे भरून दिलेले पाणी त्यांना खाली नेते. रोपापासून दीड हातावर चांगला भाजलेला पण पाझरणारा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर झाकण ठेवले, तर तेच पाणी हळूहळू झिरपत राहते.

झाड कुठे लावावे याचा विचार फार कमी होतो. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर असतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. छप्पर तापते, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. म्हणून घर गार ठेवायचे असेल तर मोठी सावली पश्चिमेला हवी. कडुनिंब, करंज, आंबा भिंतीपासून वीस-पंचवीस फुटांवर, आणि जवळ कढीपत्ता, लिंबू, पारिजातक. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, फांद्या पावसाळी वाऱ्यात मोडतात. त्याच्या फुलांचा लोभ समजतो, पण घराला लागून तो नको.

मुळांनी घर फुटते, हा आक्षेप सगळ्यांत जोरदार आहे आणि खोटाही नाही. वड, पिंपळ, उंबर आणि रबराचे झाड पायाजवळ लावूच नयेत, भिंतीच्या भेगेत उगवलेला पिंपळ कोवळा असतानाच काढावा. काळ्या जमिनीत उन्हाळी भेगा पडतात, जवळचे मोठे झाड पाणी शोषून त्या वाढवते, हेही खरे. पण यातून निघणारा निष्कर्ष अंतराचा आणि जातीचा आहे, झाडच नको असा नाही. आणि आजचे अडीच फुटी रोप वीस वर्षांनी केवढे होईल हे लावतानाच ठरवावे, कारण शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. दुसरा आक्षेप पाचोळ्याचा: कचरा, डास, साप. डासाला अंडे ते पंख या प्रवासासाठी आठवडाभर साचलेले पाणी लागते. चरातले पाणी एक-दोन दिवसांत मुरत असेल तर तिथे डास होत नाहीत, होतात ते कुंडीखालच्या बशीत आणि टायरमध्ये. सापाची भीती रास्त आहे. म्हणून भिंतीपासून तीन फूट पट्टा मोकळा ठेवावा आणि आच्छादन झाडाच्या आळ्यातच घालावे, तेही खोडाला न टेकवता.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि मला तो सर्वांत आपुलकीने ऐकावासा वाटतो. नोकरी करणाऱ्याला, वय झालेल्याला कुदळ रोज झेपत नाही. मजूर लावावा, त्यात कमीपणा नाही. पण चराची रेघ, मातीची निवड आणि उन्हाळ्यातले पाणी घरच्याने स्वतः पाहावे. गुंठाभर जागा एका वर्षात पुरी करायची गरज नाही. पहिल्या वर्षी फक्त चर आणि खताचा खड्डा, दुसऱ्या वर्षी चार रोपे, एवढे पुरे. देशी रोपाला तीन उन्हाळे सांभाळावे लागते. तोवर मुळे खालच्या ओलीपर्यंत पोचतात, आणि चौथ्या उन्हाळ्यात कडुनिंबाला किंवा चिंचेला सहसा बादली लागत नाही.