अंगणातील जुनी जीप

बेळगाव, खानापूर, निपाणीकडील जुन्या वाड्यांच्या मागील अंगणात, किंवा गोव्याच्या डोंगराळ भागातील बागायतदारांच्या घरी, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जीप अजूनही आढळते. आजोबांनी ती शेतीकरिता किंवा जंगलातील ठेक्याच्या कामाकरिता घेतलेली असते. त्यांच्यामागे ती जागची हललेली नसते. चाकांतील हवा गेलेली, आसनांत उंदरांनी घर केलेले आणि पत्र्यातून खालची जमीन दिसू लागलेली, अशी तिची अवस्था असते. मग एके दिवशी भंगारवाला दारात उभा राहतो व वजनावर भाव सांगतो. तो भाव घ्यावा की गाडी पुन्हा चालती करावी, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढे येतो, आणि माहितीच्या अभावी त्याचे उत्तर बहुधा भंगारवाल्याच्या बाजूने लागते. हे काम घरच्या घरी कितपत करता येते आणि त्यात कोठे सावध राहावयास हवे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या दारी कोणती गाडी आहे ते ओळखावे. अमेरिकेच्या सैन्याने १९४० साली हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली आणि पहिला नमुना सादर करण्यास अवघे ४९ दिवस दिले. बँटम या लहानशा कंपनीने तो सप्टेंबर १९४० मध्ये वेळेत नेऊन दाखविला. परंतु मोठे कंत्राट मिळाले ते विलीज कंपनीला, कारण तिचे ६० अश्वशक्तीचे एंजिन इतरांपेक्षा जोरकस होते. फोर्डनेही विलीजच्याच आराखड्यावर गाड्या बांधल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. युद्धानंतर विलीजने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली. आपल्याकडे महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या गाड्या जोडण्यास आरंभ केला आणि सीजे-३बी हा १९५३ सालचा नमुना पुढे कित्येक वर्षे येथेच तयार केला.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पुढील जाळीत नऊ उभ्या फटी असतील तर गाडी बहुधा युद्धकालीन. सात असतील तर नागरी. युद्धकालीन गाडीचे सुकाणू डावीकडे असते. चासीचा पुढील आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीजची, आणि चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा इंग्रजी एफ हे अक्षर उमटविले आहे. गंज घासताना ते दिसू लागले की मोठी गंमत वाटते. बॉनेट नेहमीपेक्षा उंच असेल तर ती सीजे-३बी. तिच्या एंजिनात आतील झडपा वरच्या हेडमध्ये असल्याने एंजिन उंच झाले, आणि बॉनेटही उंच करावे लागले.

पान्याला हात लावण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. नोंदणी पुस्तकातील चासीचा व एंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे तपासल्यावाचून एक रुपयाही खर्च करू नये. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये प्राचीन वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि चासी, सांगाडा व एंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी त्यांत बसते. तिला व्हीए ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो व नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास काढता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा सफर, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावयाची. तेव्हा शेतावर रोज जाण्यासाठी जीप हवी की तिचे मूळ रूप जपावयाचे, हे घरातील सर्वांनी बसून आधी ठरवावे. आपल्याकडे पेट्रोल महाग पडते म्हणून हजारो जीपगाड्यांत डिझेल एंजिने बसविली गेली. त्या मालकांना मी दोष देत नाही. त्यांना पोट भरावयाचे होते. पण ज्या गाडीत मूळ एंजिन अद्याप शाबूत आहे, तिचे ते एंजिन काढून टाकणे मला अनाठायी वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खोलण्याचे काम सर्वांत सोपे वाटते, आणि पुष्कळांची गाडी तेथेच कायमची अडकते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे दोन-तीन बाजूंनी छायाचित्र घ्यावे. नटबोल्ट डब्यांत घालून डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. आणि कोणता भाग कोणत्या दिवशी कोठून काढला हे वहीत लिहावे. वही नीट ठेवा असे मुलांना सांगण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून मी हे म्हणतो असे नव्हे. सहा महिन्यांनी टेबलावर तीनशे बोल्ट पसरले म्हणजे त्या वहीचे मोल कळते.

जीपचा खरा शत्रू एंजिनात नसून पत्र्यात असतो. युद्धकालीन जीपच्या तळपत्र्याखाली मजबुतीसाठी पन्हळीच्या आकाराच्या पट्ट्या जोडलेल्या आहेत आणि त्यांच्या पोकळीत लाकडाचे तुकडे बसविलेले आहेत. लाकूड पावसाचे पाणी पिऊन बसते, आणि पत्रा आतून कुजतो. आपल्या सह्याद्रीच्या पावसात हे किती वेगाने होते ते सांगावयास नको. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने आपली जीप एका गॅरेजात दिली. तेथे कुजलेल्या पत्र्यावर नुसती लांबी भरून वरून सुरेख हिरवा रंग चढविण्यात आला. पहिल्या पावसाळ्यातच लांबी फुगून निखळली व चालकाचा पाय आरपार गेला. म्हणून टोकदार छिन्नीने ठोकून पाहावे; जेथे आवाज बोदा येतो तेथील पत्रा कापून नवा जोडावा. वेल्डिंगचे हे काम नवशिक्याने करू नये. पेट्रोलच्या टाकीला तर घरी वेल्डिंग मुळीच करू नये. ती चालकाच्या आसनाखाली खोलगट जागेत बसते आणि तेथील चिखलाने तळाशी सडते. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ही वाफ अधिक घातक.

लहान भागांवरील गंज काढण्याच्या दोन घरगुती रीती आहेत. पहिली उसाच्या मळीची. एक भाग मळी व नऊ भाग पाणी पिंपात मिसळून त्यात लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवावेत. गंज सुटून येतो आणि खालच्या चांगल्या लोखंडास फारसा धक्का लागत नाही. वास मात्र असा सुटतो की पिंप घरापासून दूर ठेवलेले बरे. कार्बुरेटर किंवा पिस्टन यांसारखे ॲल्युमिनियमचे व हलक्या मिश्रधातूंचे भाग त्यात चुकूनही टाकू नयेत. ते खाल्ले जातात. दुसरी रीत शाळेच्या प्रयोगशाळेतली. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास व साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकास जोडावा. एका दिवसात गंज सैल होतो. या प्रयोगात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तो उघड्यावर करावा व जवळ ठिणगी येऊ देऊ नये. लोखंडाऐवजी स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातील क्रोमियममुळे पाणी विषारी होते. भाग स्वच्छ झाल्यावर धुऊन, पुसून लगेच प्रायमर लावावा. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी तांबूस झालेला दिसेल.

एंजिन जखडले असेल तर हँडलला लटकून जोर करू नये. स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरांत पातळ तेल घालावे, आठ-दहा दिवस मुरू द्यावे, आणि मग हँडल हलक्या हाताने मागेपुढे करून पाहावे. पुष्कळदा एवढ्याने सुटते. या जुन्या एंजिनाची रचना इतकी साधी आहे की आवड असलेला माणूस ती पुस्तकावरून शिकू शकतो. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेलाचा पंप आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर एकमेकांशी जोडलेले आहेत. पंप काढताना खूण केली नाही तर ठिणगीची वेळ चुकते, आणि नीट जुळविलेले एंजिनही सुरू होत नाही. सिलिंडर घासणे, क्रँक तपासणे ही कामे लेथवाल्याकडेच द्यावीत. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पंपाचा पडदा व नळ्या नव्या घालाव्यात.

आणि आता ब्रेक. येथे काटकसर करणाऱ्याने जीप अंगणातच ठेवावी. या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीजाळ्यावर चालतात. कोठेही एक नळी फुटली की पायाखालचे पेडल सरळ खाली जाते आणि चारही चाके एकदम मोकळी होतात. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे सिलिंडर आतून गंजलेले असतात. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, तळपत्र्याच्या खालच्या बाजूस, चिखलात असतो. तो, चाकांचे सिलिंडर, सर्व रबरी वाट्या व नळ्या बदलाव्यात. साधे एंजिनचे तेल या नळ्यांत कधीही घालू नये. त्याने रबर फुगते. हातब्रेकवर भिस्त ठेवावी म्हणाल, तर तोही मागील चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे असलेल्या लहान ड्रमवर आहे, आणि त्या पेटीतून तेल गळणे हा जीपचा जन्मजात स्वभाव. तेलाने भिजलेला पट्टा काय धरणार? तेथील सील प्रथम बदलावे. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ हवेने उडवू नये व कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये.

ब्रेकच्या खालोखाल सुकाणू. पुढील बाजूस बेल क्रँक नावाचा एक तरफेसारखा भाग आहे; त्याची खुंटी झिजली की सुकाणूत चार बोटे ढिलाई येते व ठराविक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. चाके बदलून ती थांबत नाहीत. बेल क्रँक व किंगपिनची बेअरिंगे पाहावीत. युद्धकालीन काही चाके दोन पाकळ्या बोल्टांनी जोडून केलेली आहेत. हवा भरलेली असताना त्या पाकळ्यांचे नट सोडल्यास चाक स्फोटासारखे उडते. तेव्हा आधी हवा पूर्ण सोडावी.

वायरिंग सगळे नवे ओढावे. युद्धकालीन गाडी सहा व्होल्टांची असल्याने तिच्या तारा जाड लागतात. रंगाविषयी मी बोलत नाही, ती ज्याची त्याची हौस. महिंद्रचे पुष्कळसे सुटे भाग जुन्या विलीजला चालतात, ही आपल्या देशातील जीपधारकांची मोठी सोय आहे.

पहिल्या फेरीस मोकळे मैदान बरे. वेग येण्यापूर्वी ब्रेक पाच-सहा वेळा दाबून पाहावेत. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची शक्ती जोडू नये, कारण पुढच्या व मागच्या आसांना वेगळ्या गतीने फिरण्याची मुभा या रचनेत नाही, आणि सगळा ताण दातेरी चाकांवर येतो. एंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले म्हणजे हेडचे नट मधल्यापासून बाहेरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत, आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलावे.