मजकूर वाचायचं व्याकरण भाषेतच हवं

२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या वेबसाइटना सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीच्या सेवेवर विसंबलेल्या असंख्य वेबसाइट सुमारे २७ मिनिटं ठप्प झाल्या. हा सायबर हल्ला नव्हता. फायरवॉलच्या एका नव्या नियमात असं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा नमुना) होतं, ज्यात ‘इथे काहीही चालेल’ अशा जागा लागोपाठ आल्या होत्या. मजकूर जुळला नाही, की इंजिन मागे फिरतं, पहिल्या जागेतलं एक अक्षर काढून दुसरीला देतं आणि पुन्हा तपासतं. या उलटसुलट फेऱ्यांतच प्रोसेसर गुंतून पडले. सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढे नेणारी, मागे फिरायची गरजच नसणारी पद्धत केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्येच छापली होती. तरीही पर्ल, पायथॉन, जावा या भाषा मागे फिरणाऱ्या इंजिनावरच राहिल्या.

मला याहून खटकते ती दुसरी गोष्ट. जावामध्ये साधा एक बॅकस्लॅश शोधायचा तर चार बॅकस्लॅश लिहावे लागतात, कारण नमुना अवतरणचिन्हांत कोंबलेला असतो. कंपायलरच्या लेखी तो नुसता मजकूर. त्यातली चूक प्रोग्राम चालल्यावरच उघड होते. शिवाय कंसात कंस, त्यात आणखी कंस अशी कितीही खोल रचना शास्त्रशुद्ध रेग्युलर एक्स्प्रेशनला ओळखताच येत नाही. तिला व्याकरण लागतं.

ते एका भाषेत साठच्या दशकातच आलं होतं. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की यांनी स्नोबोल ही भाषा रचली. तिच्या चौथ्या आवृत्तीत नमुना ही संख्येसारखीच चलात ठेवता येणारी वस्तू झाली. मग नमुन्यांतून नमुने रचता आले: अंकांपासून संख्या, संख्यांपासून पदावली, आणि पदावलीच्या व्याख्येत पुन्हा पदावलीच! केवढी झेप होती ही! राल्फ ग्रिसवोल्ड यांचं नाव थॉम्प्सन यांच्या बरोबरीनं घ्यायला हवं, पण पाठ्यपुस्तकांत ते क्वचितच भेटतं. (उत्तरायुष्यात ते विणकामाच्या नक्षीमागचं गणित शोधण्यात रमले. नमुन्यांचा नाद काही सुटला नाही.)

‘लायब्ररी असताना भाषेचं ओझं कशाला वाढवायचं?’ हा आक्षेप मला पटत नाही. राकू भाषेत क्लास लिहावा तसं व्याकरण लिहिता येतं, नियमांना नावं देता येतात आणि कोड वाचणाऱ्याला ते कळतं. मात्र स्नोबोलही मागे फिरूनच नमुना जुळवायची, त्यामुळे वेळेच्या मर्यादेची हमी वेगळी मागावी लागेल. गो भाषेचं रेग्युलर एक्स्प्रेशन पॅकेज ती देतं. नव्या भाषेत या दोन्ही गोष्टी हव्यातच. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी स्नोबोल-४ उतरवून घ्यावी आणि कंस जुळवणारा नमुना स्वतः लिहून पाहावा. ती आजही मोफत मिळते.