वेळापत्रकाचे गणित – भाग ६ : सोळा संघ, नऊ सामने

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ उरलेल्या सर्वांशी खेळतो, हे मागील भागात पाहिले. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ते जमत नाही. हा धसमुसळा खेळ आठवड्यातून एकदाच झेपतो आणि नियमित हंगाम १२ सामन्यांचा असतो. साऊथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (एसईसी) आज १६ विद्यापीठे आहेत, म्हणजे प्रत्येकाला १५ प्रतिस्पर्धी. त्यातले कोण वाट्याला येते आणि कोण टळते, यावर क्रमवारी फिरू शकते.

१९९२ मध्ये एसईसीने पूर्व आणि पश्चिम असे दोन गट पाडले. २०१२ मध्ये संघ १४ झाले, तेव्हा प्रत्येकाला आठ अंतर्गत सामने मिळत: सहा आपल्या गटात, एक दुसऱ्या गटातील ठरलेल्या संघाशी आणि एक तिथल्या उरलेल्या सहांपैकी एकाशी, आळीपाळीने. त्यामुळे या सहांपैकी एखाद्याशी गाठ सहा वर्षांतून एकदा पडे आणि त्याच्या मैदानावर जाण्याची पाळी बारा वर्षांनी येई. टेक्सास ए अँड एम २०१२ मध्ये दाखल झाले, पण जॉर्जियाशी त्याचा पहिला कॉन्फरन्स सामना झाला तो २०१९ मध्ये. ठरलेल्या जोड्यांवरूनही कुरबुर होती. दरवर्षी फ्लोरिडाशीच झुंजावे लागते, अशी लुइझियाना स्टेट विद्यापीठाची (एलएसयू) तक्रार असे.

मग ठरलेल्या जोड्या मोडल्या का नाहीत? कारण अलाबामा-टेनेसी किंवा ऑबर्न-जॉर्जिया यांसारख्या जुन्या लढतींवरच या खेळाची लोकप्रियता उभी आहे. परंपरा राखायची, तर सर्वांना सारखे प्रतिस्पर्धी देता येत नाहीत.

२०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आले आणि गट रद्द झाले. २०२६ पासून लागू होणाऱ्या रचनेत अंतर्गत सामने नऊ आहेत. प्रत्येकाला तीन वार्षिक प्रतिस्पर्धी. उरलेल्या १२ संघांपैकी सहा एका वर्षी, सहा दुसऱ्या वर्षी. दोन वर्षांत सर्वांशी एकदा तरी सामना होतो. चार वर्षांच्या ३६ सामन्यांत वार्षिक प्रतिस्पर्ध्यांचे १२ आणि इतरांचे २४ बसतात. म्हणजे त्या १२ संघांपैकी प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा त्याच्या मैदानावर. वार्षिक जोड्या ठरवताना परंपरेबरोबर ताकदीचाही विचार होतो आणि दर चार वर्षांनी त्यांचा फेरआढावा घेतला जाणार आहे.

तरीही एका हंगामापुरती विषमता उरतेच. नऊ ही विषम संख्या असल्याने काहींना घरचे पाच सामने मिळतात, काहींना चार. सुट्टीच्या आठवड्यानंतर ताजातवाना झालेला प्रतिस्पर्धी कोणाच्या पुढ्यात येतो, हेही महत्त्वाचे ठरते. अव्वल दोन संघ अंतिम सामन्यात जातात. या जागांसाठी क्रमवारीत बरोबरी झाली आणि आपसातील लढतीने निकाल लागला नाही, तर आधी समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी तपासतात. त्यापुढच्या निकषांत दोघांच्या प्रतिस्पर्ध्यांची एकत्रित यशाची टक्केवारीही धरतात. ज्याचे वेळापत्रक अवघड, त्याला त्याचे श्रेय मिळण्याची सोय या निकषाने होते.